आधी प्रतिरूप जेवतं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अकराव्या गल्लीतल्या पोषण केंद्राच्या यंत्राने पाव किलो साखर नाकारली. सात वाजायच्या आत विहान बुगड गेला. वय बावीस, काम सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये, आजार लहानपणापासूनचा मधुमेह. मधल्या वेळात त्याच्या आईने, सारिकाने, त्याला दोन पेले लिंबू सरबत पाजलं होतं. सरबत चांगलं गोड होतं.

गोड होतं, हाच घात झाला. अन्नहमी योजनेने कार्डावरची साखर आणि गूळ बंद केला तेव्हा बदल्यात घरटी मधुरिकेची बाटली फुकट द्यायला सुरुवात केली. मूळ वस्तू आफ्रिकेतल्या एका रानफळातलं प्रथिन. त्याचा जनुक यीस्टमध्ये घातला की ते यीस्ट पोलादी पिंपांतून हे प्रथिन हवं तेवढं तयार करतं. जिभेवर गोड ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यावर ते साखरेसारखंच, किंबहुना साखरेहून घट्ट बसतं आणि मेंदूला गोड आल्याची वर्दी जाते. पुढे पोटात ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. एका कपाला एक थेंब पुरतो; त्यातून रक्तात साखरेचा कणही वाढत नाही. योजना खोटी नव्हती. सात वर्षांत यंत्रमागाच्या या वस्त्यांमधला मधुमेह खरोखरच कमी झाला होता.

पण इन्सुलिन टोचून घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकाएकी उतरते. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, जीभ जड होते. मेंदूला साखरेशिवाय दुसरं खाणं चालत नाही, तो उपाशी पडायला लागतो. अशा वेळी दोन चमचे साखर माणसाला परत आणते. साखर उतरली की गोड द्यायचं, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. फक्त सात वर्षांत गोड म्हणजे मधुरिका झालं होतं. शेजारणीचं भांडं परत करताना त्यात चिमूटभर साखर घालायची रीत होती, तिथे आता ज्वारीचे चार दाणे पडत. विहानचं ग्लुकोजचं पाकीट आदल्या आठवड्यात संपलं होतं. बाटली घरात असताना ते आणायची घाई ना आईला वाटली होती, ना लेकाला. हसीनाभाभी मोमीन शेजारच्या दारातून धावत आली, तिने लिंबू पिळलं, सारिकाने थेंब घातले, आणि दोघी त्याच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

सारिका आधी केंद्रावर गेली होती. पोराचे डोळे फिरलेले बघून तिला कुठून तरी खरी साखर आठवली. केंद्र तिचा धाकटा भाऊ चालवायचा. धनंजय मकोटे नुकतंच शटर उचलत होता.

“धना, साखर दे. विहान गार पडलाय. घामानं निथळाय लागलाय.”

त्याने कार्ड लावलं. यंत्र लाल झालं. पूर्वी विहानला रुग्ण म्हणून थोडी साखर मिळायची, पण सलग दोन तपासण्या चांगल्या आल्यावर यंत्राने ती सवलत काढून टाकली होती. काउंटरच्या खाली आणीबाणीची कळ होती. केंद्रचालकाने अंगठा दाबला की कुठलाही जिन्नस सुटायचा. मात्र प्रत्येक वेळी वरून विचारणा व्हायची. धनंजयने वर्षभरात एकदाही कळ दाबली नव्हती आणि स्वातंत्र्यदिनाला त्याचा सत्कार ठरला होता.

“आक्का, मधुरिका दे की,” तो म्हणाला. “गोडच हाय ती.”

ती मागे पळाली. तो काय म्हणाला याचा विचार करायला तिला तेव्हा वेळ नव्हता. पुढे तोच करायला वेळ उरला.

चौकशीला विभूते मॅडम नावाच्या निरीक्षक आल्या. शांत बाई, कुणावर आवाज चढवत नव्हत्या. धनंजयने सांगितलं की आक्का साखर नेहमीच मागायची, चहाला. त्या दिवशीही मागितली. कशाला ते बोलली नाही. त्याच्या शेजारी बाकड्यावर दोघांची आई मालनबाई बसली होती. ती धनंजयकडेच राहायची. तेव्हा त्याचं बिऱ्हाड केंद्राच्या मागच्याच खोलीत होतं, आणि त्या सकाळी मोरीत चूळ भरत ती सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही. चालकाने नियम पाळला, दोष नाही, असा निकाल आला. मृत्यूच्या कारणासमोर लिहिलं होतं, घरगुती उपचारातील चूक.

घरगुती उपचार म्हणजे सारिका. नवऱ्यामागे तिने मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या मशीनवर बसून पोराला वाढवलं होतं.

पेपरांनी थोडा गलका केला. खात्याला तो नको होता, म्हणून मृताच्या आईला केंद्र चालवायला द्यायचं ठरलं. धनंजयला निर्दोष म्हणून मानाने मोकळं केलं. तो पुन्हा मागावर गेला. मागाचे दिवस वाईट होते. मिळकत घटली तसं त्याचं घर पूर्ण मदतीच्या कार्डावर आलं, ज्यावर तांदळापासून मिठापर्यंत सगळं केंद्रातूनच यायचं. गल्लीला हा न्याय बरा वाटला. बहीण-भावांत आता बरोबरी झाली, असंही कुणी म्हणालं.

नव्या चालकांचं शिक्षण पुण्यात व्हायचं. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या तरुणाने भिंतीवर एक चित्र लावलं आणि सांगितलं की साखर उतरलेल्या रुग्णाला मधुरिका देऊन उपयोग नाही, कळ दाबून साखर सोडायची. एवढं सांगून तो पुढच्या चित्राकडे वळला. सारिकाने हात वर केला. हे सगळ्यांना शिकवतात का, आणि कधीपासून?

“पहिल्या तुकडीपासून, मावशी,” तो म्हणाला. “कळ दिलीय ती त्याचसाठी.”

तिने मान हलवली आणि हात खाली घेतला. त्या दिवसापर्यंत तिच्या मनात भावाबद्दल नुसतं दुःख होतं. आता त्याला धार आली.

त्याच शिकवणीत तिला प्रतिरूप म्हणजे काय ते कळलं. कार्डावरच्या प्रत्येक घराचं एक अंकांचं घर यंत्रात असतं. माणसांच्या रक्ताच्या तपासण्या, वजन, वय, काम, आईबापांचे आजार, सगळं घालून यंत्र प्रत्येकाचं एक शरीर मांडतं. त्याला मूत्रपिंड असतं, यकृत असतं, रक्तवाहिन्या असतात. तुम्ही कार्ड लावलं की तो जिन्नस आधी त्या शरीराला खाऊ घातला जातो आणि पुढची वीस वर्षं पळवत नेली जातात. शरीर ठीक राहिलं तर पिशवी भरते. बिघडलं तर जिन्नस बंद. आधी प्रतिरूप जेवतं, मग माणूस, असं तो तरुण हसत म्हणाला होता. एका चुलीचं एक कार्ड असल्याने घरातला जो सर्वांत आजारी, त्याच्या बेताने सगळ्यांचं ताट ठरायचं.

रक्तातून न कळणाऱ्या गोष्टी चालकाने सांगायच्या. कोण दारू पितो, कोण तंबाखू खातो, कोण तेल विकून येतो. चालक गल्लीतला असतो, त्याला माहीत असतं. खातं त्याला निरीक्षण म्हणे.

सारिकाने चार महिने केंद्र चोख चालवलं. कळ तिने पहिल्याच आठवड्यात दोनदा दाबली आणि विचारणेला सविस्तर उत्तरं दिली. धनंजय रांगेत यायचा तेव्हा ती इतरांना म्हणायची तेच म्हणायची, अंगठा लावा. तो एकदा हसून म्हणाला की आक्का, मला तरी अरे म्हण. तिने पुढच्याला बोलावलं.

मग विहानचं वर्षश्राद्ध आलं. धनंजय आला, पानावर बसला. खिरीला मधुरिका होती. पहिला घास घेऊन तो नेहमीच्या सवयीने म्हणाला, “गोड झालीया.” दुसऱ्या दिवशी सारिकाने यंत्रात त्याच्या घराच्या नावापुढे पहिलं निरीक्षण घातलं. तंबाखू खातो. ते खरं होतं.

पडद्यावर प्रतिरूपाच्या रक्तवाहिन्या किंचित जाड झाल्या. तेल अर्ध्यावर आलं.

महिन्याने तिने दारू लिहिली. तो पगाराच्या दिवशी प्यायचा, तिने रोज लिहिलं. यकृताचा रंग बदलला; शेंगदाणे आणि उरलेलं तेल गेलं. मग तिने लिहिलं की चोरून मिठाई खातो. यात खरं काहीच नव्हतं. यंत्राने शंका घेतली नाही, कारण धनंजयची साखर घराण्याप्रमाणे काठावरच होती. तिचं काम झाल्यावर ती पडद्यावर त्याच्या प्रतिरूपाची खिडकी उघडून बसायची. तिथे तिचा भाऊ, चेहरा नसलेला, वीस वर्षं पळत पुढे जायचा आणि दर वेळी आधीच्यापेक्षा अलीकडे पडायचा. पहिल्यांदा अठराव्या वर्षी. मग चौदाव्या. मग नवव्या. सारिकाला त्याने बरं वाटायचं. जेवण जायला लागलं. तोंडावर तजेला आला, असं बायका म्हणायच्या.

धनंजयची बायको पल्लवी दोनदा काउंटरवर येऊन रडली. बाहेरून विकत आणावं म्हटलं तर कार्डवाल्या घराने बंद जिन्नस दुकानात घेतला की पैसे भरतानाच कळायचं आणि कार्डच जायचं. सारिकाने तिला शांतपणे समजावलं की हे यंत्र ठरवतं, आपल्या हातात काय आहे. विभूते मॅडम तिच्याशी ज्या आवाजात बोलल्या होत्या, तोच आवाज तिने उचलला होता.

हसीनाभाभीला मात्र वास लागला. भेंडी निवडत ती सहज बोलल्यासारखं बोलली की धनाला आम्ही इतकी वर्षं बघतो, तो रोज पितो हे आमच्या नाकाला कसं कळलं नाही, यंत्राला बरं कळलं. सारिका म्हणाली, यंत्राला नाक नसतं.

“म्हणून तर,” हसीना म्हणाली. “त्येला कुणीबी कायबी हुंगवतंय.”

त्यानंतर एका निरीक्षणाचीच जागा उरली होती. धनंजयच्या घरी भात दोन वेळा होतो, उरलेला तांदूळ तो दारूवाल्याला देतो. हे लिहिलं तर तांदूळ बंद होणार आणि घरात नाचणी, मूग आणि खात्याचं राखाडी पोषण पीठ तेवढं राहणार. मालनबाईला दात नव्हते. ती गेली कित्येक वर्षं मऊ भातावर होती. सारिकाला हे माहीत होतं, आणि पिठाची पेज करता येते हेही माहीत होतं. तिची बोटं थांबली. मग तिला चौकशीतलं बाकडं आठवलं. तिने लिहिलं.

तांदूळ बंद झाला. प्रतिरूप सहाव्या वर्षी पडलं.

मालनबाईने पेज एकदा तोंडाला लावली आणि वाटी खाली ठेवली. सारिकाने आपल्या घरून मऊ भाताचा डबा पाठवला. डबा तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीही आला. हसीनाने वाटीभर भात नेला, तोही आला. म्हातारीने एवढंच सांगितलं होतं की लेकाच्या चुलीवर जे शिजेल तेच मी खाणार, आणि त्या पिठाला मी शिजलेलं म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सारिका स्वतः गेली. धनंजय मागावर होता. पल्लवी उठून परड्यात निघून गेली. मालनबाई भिंतीला टेकून बसली होती, अंगातलं सगळं पाणी डोळ्यांच्या खोबणीत उतरल्यासारखी.

“तू त्याला मारायलीस,” ती म्हणाली.

“यंत्रातल्याला मारते. तुझा लेक हाय की हिंडता-फिरता.”

“आन् मला?”

सारिकाने डबा उघडला. भातावर तूप होतं. ती म्हणाली की तू खा, भांडण आपलं नंतर. मालनबाईने डब्याकडे बघितलंही नाही. मग सारिकाचा आवाज पहिल्यांदा फुटला.

“तू ऐकलं हुतंस आई. मी काय बोलले ते तू मोरीत उभी राहून ऐकलं हुतंस. मॅडमनी विचारलं तवा बाकड्यावर दगडासारखी बसलीस.”

“बसले.”

“का?”

“एक गेला हुता,” म्हातारी म्हणाली. “दुसऱ्याला तुरुंगात कुठल्या तोंडानं घालू? तुजं पोर तसंबी परत येणार न्हवतं. माजं तरी राहू दे म्हटलं.”

सारिकाने डब्याला झाकण लावलं. एवढं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. जाताना आईने मागून एकच गोष्ट सांगितली. तू बंद केलेलं तूच उघड. कुणी आणून घातलेलं माझ्या पोटात जाणार नाही.

उघडणं शक्य होतं. निरीक्षण मागे घेण्याची सोय यंत्रात होती. चालकाने अंगठा लावून नोंद खोटी होती असं मान्य करायचं; प्रतिरूप तत्काळ जुन्या जागेवर येतं आणि जिन्नस सुटतात. मग चालकाचा परवाना आपोआप रद्द होतो. केंद्र आधीच्या चालकाकडे जातं, जर तो निर्दोष सुटलेला असेल तर. सारिकाने हा नियम पुण्यात ऐकला होता, आता परत वाचला. अंगठा लावला तर धनंजय पुन्हा त्या काउंटरमागे उभा राहील. कळ पुन्हा त्याच्या हाताखाली येईल. आणि गल्लीच्या तोंडी राहील ते एवढंच, की पोराला सरबत पाजणारी ती बाई भावावर खोटं घालताना सापडली.

आणीबाणीची कळ इथे पुरत नव्हती. ती दाबली की एका कार्डाला एकदाच एक किलो तांदूळ सुटायचा, आणि तो सारिकाने पहिल्याच दिवशी सोडला होता. मालनबाईने शिजलेल्या भाताची वाटी हुंगली होती आणि विचारलं होतं, हा आपल्या कार्डाचा का तिच्या मेहरबानीचा? पल्लवीला खोटं बोलता आलं नाही.

काल डॉक्टर येऊन गेले. सलाईन लावू देत नाही म्हणाले. वय बघता फार थांबू नका, असंही म्हणाले.

आज सकाळी सारिकाने शटर उचललं तेव्हा धनंजय दारात उभा होता. रांगेत पहिला. त्याच्या मागे हसीनाभाभी, तिच्या मागे पिशव्या घेतलेल्या सात-आठ बायका. त्याने अंगठा लावला. यंत्र लाल झालं. तो काउंटरवर वाकला आणि फक्त तिला ऐकू जाईल एवढ्याने बोलला.

“आक्का, ऐकलं हुतं मी. गार पडलाय म्हणालीस, घाम म्हणालीस, सगळं. पुण्यात शिकवलेलंबी ध्यानात हुतं. सत्काराचं डोक्यात हुतं. वाटलं, सरबतानं जरा दम तरी निघंल, तवर मेडिकल उघडंल.”

हे वाक्य कधी तरी ऐकायला मिळावं म्हणून ती इतके दिवस जगत होती. ते आलं तेव्हा तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. छातीतला दगड हलला नाही. उलट तो आणखी नीट बसला.

“मोठ्यानं बोल,” ती म्हणाली. “मागं तोंड कर आन् लायनीला ऐकव.”

“बोलतो. आदी आईचा भात सोड.”

“आदी बोल.”

“मी बोललो आन् तू न्हाई सोडलास तर?”

“मी सोडला आन् तू न्हाई बोललास तर?”

दोघेही एकाच आईने वाढवलेले. दोघांनाही दुसऱ्यात आपलंच रूप दिसत होतं. तो बोलला तर निर्दोष राहणार नव्हता, चौकशी पुन्हा उघडणार होती. तिने अंगठा लावला तर तिच्याकडे काही उरणार नव्हतं, पोराच्या बदल्यात मिळालेली ही खिडकीही नाही. जो पहिला देणार तो दुसऱ्याच्या हातात जाणार होता. आणि गेल्या वेळी पहिली ती गेली होती, रिकाम्या हाताने, याच काउंटरवर.

मागून हसीनाभाभीने विचारलं की काय चाललंय बहीण-भावाचं, यंत्र बिघडलंय का माणसं. धनंजय सावकाश रांगेकडे वळला. त्याने घसा साफ केला. सारिकाने दुरुस्तीची चौकट उघडली. पडद्यावर अंगठ्याची जागा उमटली. तिने हात काउंटरवर ठेवला, पडद्यापासून वीतभर अलीकडे, आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

एवढ्यात पल्लवी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून आली. ती पळत नव्हती, चालत होती, आणि तिने पदर तोंडात धरला होता. रांगेतल्या बायका तिला वाट द्यायला बाजूला झाल्या. ती काय सांगायला आली ते तिने सांगायच्या आधीच बायकांनी डोक्यावर पदर घेतले.

साडेआठ वाजता दुरुस्तीची चौकट कुणी काही न केल्याने आपोआप मिटली. मकोटे यांच्या कार्डावर तांदूळ बंद आहे.